कोविड-१९ आणि कर्करोग

कर्करोगाच्या रुग्णाला कोविड-१९ झाला तर तो जिवावर बेतण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे साथीच्या सुरुवातीलाच दिसू लागले. चीनमधील १,५९० कोविडरुग्णांच्या पाहणीत कर्करोग असलेले किंवा पूर्वी होऊन गेलेले १८ जण सापडले. त्यांतले ३९ टक्के गंभीर झाले. बाकीच्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ही पाहणी प्रसिद्ध झाली आणि कर्करोग आटोक्यात असलेल्यांची केमोथेरपी व शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा विचार व्हावा, असे तिच्यात सुचवले होते. अवघ्या १८ रुग्णांच्या आधारावर दिलेला हा सल्ला फार दूरवर पोचला.

मोठ्या नोंदी हाती आल्यावर चित्र बदलले. अमेरिका, कॅनडा आणि स्पेनमधील कोविड झालेल्या ९२८ कर्करुग्णांपैकी १३ टक्के ३० दिवसांत दगावले. ब्रिटनमध्ये ८०० रुग्णांपैकी २२६ जणांचा मृत्यू झाला. पण वय, लिंग आणि सहव्याधी हिशेबात घेतल्यावर, संसर्गाआधीच्या चार आठवड्यांत केमो घेतलेल्यांत मृत्यूचे प्रमाण लक्षणीय वाढलेले आढळले नाही. धोका ठरत होता तो मुख्यतः वाढते वय, हृदयविकारासारख्या सहव्याधी, अंथरुणाला खिळलेली अवस्था आणि बळावत चाललेला कर्करोग यांवरून.

सगळे कर्करोग मात्र एका मापाने मोजता येत नाहीत. फुप्फुसाच्या कर्करोगात मुळातच श्वसनाची ताकद घटलेली असते. छातीतील कर्करोगांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय नोंदीतील २०० रुग्णांपैकी एक-तृतीयांश दगावले. रक्ताच्या कर्करोगांत अडचण वेगळी. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा यांत प्रतिकार करणाऱ्या पेशीच बिघडलेल्या असतात. रिटुक्सिमॅबसारखे औषध प्रतिपिंडे (विषाणूला रोखणारी प्रथिने) बनवणाऱ्या बी-पेशी नष्ट करते, त्यामुळे ती तयार होत नाहीत. अशा काही रुग्णांच्या शरीरात विषाणू कित्येक महिने टिकून राहिला आणि तिथेच त्यात जनुकीय बदल होत गेले. विषाणूने ग्रासलेल्या पेशी मारणाऱ्या टी-पेशी शाबूत असतील तर प्रतिपिंडांवाचूनही रुग्ण तरू शकतो, असेही दिसून आले.

लसीचा परिणामही असाच विभागलेला आहे. स्तन, आतडे अशा अवयवांतील गाठींच्या बहुतेक रुग्णांत दोन मात्रांनंतर चांगली प्रतिपिंडे आढळली. रक्ताच्या कर्करोगात ती बऱ्याच जणांत फारच कमी होती. म्हणून अशा रुग्णांना जास्तीच्या मात्रा देण्याचे धोरण आले. भारतात ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधीग्रस्तांना १ मार्च २०२१ पासून लस मिळू लागली, त्या यादीत कर्करोग होता.

भारतात या साथीने केलेले नुकसान विषाणूच्या मृत्युदरातून पुरते कळत नाही. मार्च ते मे २०२० या काळात राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील (नॅशनल कॅन्सर ग्रिड, देशभरातील कर्करोग रुग्णालयांचा गट) ४१ केंद्रांत नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घटली. १,१२,२७० वरून ती ५१,७६० वर आली. मोठ्या शस्त्रक्रिया जवळपास निम्म्या झाल्या आणि तपासणी मोहिमा बहुतेक ठिकाणी ठप्प झाल्या. रोग कमी झाला नव्हता. रेल्वे आणि एसटी बंद असताना रुग्ण दारापर्यंत पोचू शकत नव्हता. उपचाराला चार आठवड्यांचा उशीर झाला, तर कर्करोगाचा प्रकार आणि उपचार यांनुसार मृत्यूचा धोका साधारण ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो, असे २०२० मधील एका व्यापक आढाव्याने दाखवले. तोंडाच्या कर्करोगात तर दरम्यानच्या काळात गाठ शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर जाऊ शकते.

उपचार चालू ठेवणे शक्य होते, याचा ठोस पुरावा मुंबईतूनच मिळाला. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या टाळेबंदीच्या दिवसांत ४९४ मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. सहा रुग्णांना कोविड झाल्याचे आढळले, आणि शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही.