फिरतीवरच्या माणसाच्या मनाची दखल कधी घेतली गेली?

कामासाठी सतत बाहेर राहणाऱ्यांची काळजी आधी त्यांची त्यांनीच घेतली. एकोणिसाव्या शतकात आगगाडीचे जाळे पसरले आणि नमुन्यांची पेटी घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या विक्रेत्यांचा मोठा वर्ग तयार झाला. इंग्लंडमध्ये १८४५ साली त्यांच्या अनाथ आणि गरजू मुलांसाठी शाळा निघाली. अमेरिकेत १८८८ साली फिरत्या विक्रेत्यांची संघटना उभी राहिली. अपघात झालाच, तर घरच्यांच्या हाती काही पैसे पडावेत ही तिची मुख्य धडपड होती. मनाचा उल्लेख यात कुठे नव्हता.

एकटेपणा मात्र होताच. १८९८ साली विस्कॉन्सिनमधल्या बॉस्कोबेल गावी हॉटेल भरलेले असल्यामुळे दोन अनोळखी विक्रेते एका खोलीत राहिले. दोघेही श्रद्धाळू. रात्री त्यांनी सोबत प्रार्थना केली आणि त्या ओळखीतून पुढच्या वर्षी ‘गिडियन्स’ ही संस्था निघाली. हॉटेलांच्या खोल्यांत बायबल ठेवण्याचा तिचा उपक्रम १९०८ पासूनचा. हेतू धर्मप्रसाराचा होता हे खरे; तरी परक्या खोलीतली संध्याकाळ किती जड जाते, हे त्या विक्रेत्यांना अनुभवाने ठाऊक होते, असे मला वाटते.

ऑक्टोबर १९५८ मध्ये बोइंग ७०७ विमाने अटलांटिक ओलांडू लागली आणि सगळे लक्ष शरीरातल्या घड्याळाकडे वळले. १९६०च्या दशकात अमेरिकी हवाई खात्याच्या संशोधकांनी पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा लांबच्या उड्डाणांची तुलना केली. थकवा दोन्हीकडे येत होता, पण शरीराचा दिनक्रम विस्कटत होता तो वेळेचे पट्टे ओलांडल्यावरच. हे संशोधन मोलाचे होते. त्यातून एक गैरसमज मात्र रुजला: दौऱ्याचा त्रास म्हणजे जेटलॅग, दोन रात्री नीट झोप झाली की तो संपला.

या समजाला धक्का बसला तो विम्याच्या कागदांमुळे. जागतिक बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय दाव्यांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. परदेश दौरे करणाऱ्या पुरुषांचे दावे दौरे न करणाऱ्या पुरुषांपेक्षा ८० टक्क्यांनी जास्त होते, तर स्त्रियांचे १८ टक्क्यांनी. संसर्गजन्य आजार वाढलेले दिसणार, हे अपेक्षितच होते. मानसिक तक्रारींचे दावेही वाढलेले निघतील, असे कोणाला वाटले नव्हते. १९९९ साली तिथल्याच प्रवासी कर्मचाऱ्यांना ताणाची कारणे विचारली गेली. घरावर होणारा परिणाम आणि एकटे पडल्याची भावना यांचा वाटा सर्वांत मोठा निघाला. परतल्यावर वाट पाहणारा कामाचा ढीग हेही एक कारण होते. पुढे २००२ साली घरी राहणाऱ्या जोडीदारांचे दावे तपासले, तेव्हा वारंवार दौऱ्यावर जाणाऱ्यांच्या जोडीदारांमध्येही मानसिक तक्रारी जास्त आढळल्या.

या तीन अभ्यासांना मी सर्वाधिक महत्त्व देते. प्रवाशाला आपण पाणी प्या, व्यायाम करा, घरी फोन करा असे सांगतो. सल्ला चुकीचा नाही, पण सगळा भार त्याच्या एकट्याच्या शिस्तीवर पडतो. दौरा कधी ठरला, किती आधी कळला, मागे राहिलेले काम कोणी पाहिले, हे प्रवासी ठरवत नाही. ते कार्यालयात ठरते.

किती प्रवास म्हणजे जास्त, याचा अंदाज २०१८ सालच्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांच्या अभ्यासातून येतो. महिन्यात १४ किंवा जास्त रात्री बाहेर काढणाऱ्यांमध्ये, १ ते ६ रात्री बाहेर असणाऱ्यांच्या तुलनेत, चिंता व नैराश्याची लक्षणे, झोपेच्या तक्रारी, धूम्रपान आणि मद्यावरचे अवलंबित्व जास्त आढळले. अशा अभ्यासातून कार्यकारण सिद्ध होत नाही, तरी धोका कुठे वाढतो हे कळते.

२०२० साली साथीने दौरे थांबले आणि अनेक बैठका पडद्यावर होऊ शकतात हे सर्वांनी पाहिले. २०२१ साली प्रवासातल्या जोखमीबाबत संस्थांना मार्गदर्शन करणारे आयएसओ ३१०३० हे मानक आले; ते बंधनकारक नाही. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दिलेल्या सूचनांत व्यक्तीला आधार देण्याबरोबर कामाची रचना बदलण्यावरही भर आहे. दौऱ्यांच्या बाबतीत त्याचा अर्थ साधा आहे: तारखा आधी कळवणे, नकाराला जागा ठेवणे, परतल्यावरचा दिवस मोकळा सोडणे आणि महिन्याच्या रात्री मोजणे.