उंच आणि वजनदार चालकाची पहिली मोटारसायकल: खरेदीपूर्वी वाचावयाची माहिती

पक्का परवाना नुकताच हाती आलेले आणि अंगापिंडाने थोराड असलेले बरेच ग्राहक आमच्या कराडच्या दुकानात येतात, तेव्हा गाडीचा निर्णय बहुधा घरीच झालेला असतो. उंची सहा फूट आणि वजन शंभर किलोच्या पुढे असेल, तर ‘तुला बुलेटच शोभेल’ असे मित्रांपासून मामापर्यंत सगळे सांगतात. घरात कोणी काटकसरी असेल, तर शंभर सीसीची, भरपूर ॲव्हरेज देणारी गाडी पुढे केली जाते. दोन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले असतात, परंतु ते देताना चालकाच्या शरीराचे माप कोणी घेतलेले नसते. आम्ही जुन्या आणि नव्या मोटारसायकली विकतो व त्यांची दुरुस्तीही करतो, त्यामुळे चुकीच्या मापाची गाडी वर्षभरात कशी खिळखिळी होते आणि तिच्या मालकाची कंबर व गुडघे कसे दुखू लागतात, हे आम्हाला जवळून दिसते. गाडीचे पैसे भरण्यापूर्वी आपण हे पत्रक एकदा शांतपणे वाचावे, अशी आमची मनापासून विनंती आहे.

युरोपात नव्या चालकाला परवान्याच्या पायऱ्या चढत मोठ्या गाडीपर्यंत जावे लागते. आपल्याकडे तशी सोय नाही. गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना मिळाला की शंभर सीसीची गाडीही चालवता येते आणि साडेसहाशे सीसीचीही. कायदा अडवत नाही, म्हणून आपल्या शरीराला आणि आजच्या सरावाला कोणती गाडी पेलेल, हे ग्राहकालाच ठरवावे लागते. आमच्या मते मोठ्या शरीराच्या नव्या चालकाने इंजिनाच्या आकड्याआधी गाडीची भारक्षमता, बसण्याची ठेवण, शॉकअप आणि ब्रेक या गोष्टी पाहाव्यात.

गाडी किती भार पेलते

प्रत्येक मोटारसायकलीच्या पुस्तिकेत तिच्यावर जास्तीत जास्त किती भार टाकावा, हे छापलेले असते. हा आकडा केवळ चालकाचा नसतो. त्यात चालक, मागे बसणारी व्यक्ती, सामान आणि नंतर बसवून घेतलेले लेग गार्ड, कॅरिअर, पेट्या असे सगळे धरावे लागते. शंभर ते सव्वाशे सीसीच्या अनेक रोजच्या वापराच्या गाड्यांमध्ये तो १३० किलोच्या आसपास असतो. आता चालकाचे वजन १०५ किलो, पत्नीचे ६० किलो आणि पिशवी ८ किलोची असे धरले, तर बेरीज १७३ किलो होते. ही गाडी दोघांना घेऊन जाणार नाही असे नाही. ती जाईल, परंतु दररोज मर्यादेच्या सुमारे त्रेचाळीस किलो वर चालेल, आणि त्याची किंमत मागचे शॉकअप, रिम, चाकाचे बेअरिंग आणि ब्रेक लायनर हळूहळू मोजत राहतील. आपण बहुतेक वेळा एकटे जाणार की दोघे, याचे खरे उत्तर म्हणूनच आम्हाला सर्वप्रथम हवे असते.

पुस्तिका हाताशी नसेल, तर मागच्या टायरची बाजू वाचावी. तेथे टायरच्या मापानंतर ‘६२पी’ यासारखी खूण असते. त्यातील अंक भाराचा निर्देशांक असतो आणि अक्षर वेगमर्यादेचे असते. ५४ म्हणजे तो टायर योग्य हवेवर २१२ किलो पेलतो, ५७ म्हणजे २३० किलो आणि ६२ म्हणजे २६५ किलो. मागच्या चाकावर गाडीचे निम्म्याहून अधिक वजन आणि मागे बसणाऱ्याचा जवळजवळ सगळा भार येतो, त्यामुळे टायर बदलताना स्वस्तातला, कमी निर्देशांकाचा टायर वजनदार चालकाने कधीही बसवू नये.

इंजिन किती मोठे असावे

येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. हिरो स्प्लेंडर प्लस सुमारे ११२ किलोची असून तिची ताकद सुमारे ८ अश्वशक्ती आहे. ६५ किलोचा चालक तिच्यावर बसला, तर गाडी आणि चालक यांच्या एकत्रित वजनाच्या एका टनामागे सुमारे ४५ अश्वशक्ती मिळते. ११० किलोचा चालक बसला, तर तीच ३६ वर येते, आणि हा फरक कुंभार्ली घाट चढताना किंवा महामार्गावर ट्रकच्या पुढे जाताना चांगलाच जाणवतो. तोच ११० किलोचा चालक होंडा शाईन १२५ वर बसला, तर टनामागे सुमारे ४८ अश्वशक्ती पडते. याचा अर्थ असा की सडपातळ माणसाला शंभर सीसीची गाडी जशी चालते, तशीच वजनदार माणसाला सव्वाशेची चालते. होंडा युनिकॉर्नवर हा आकडा ५२ च्या आसपास जातो आणि रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० वर ६६ पर्यंत.

गावात आणि आसपासच्या तालुक्यांत एकट्याने फिरणाऱ्या वजनदार नवशिक्या चालकाला १२५ ते १६० सीसी पुरते, आणि घाट, महामार्ग व मागे बसणारे माणूस हे तिन्ही नेहमीचे असतील तर दोनशे ते साडेतीनशे सीसीकडे जाणे रास्त ठरते, असे आम्हाला वाटते. त्यापुढे पहिल्याच वर्षी जाण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के आणि त्यावरील दुचाकींवर ४० टक्के जीएसटी आहे, त्यामुळे किमतीतही ती पायरी मोठी आहे.

बुलेट किंवा क्लासिक घेऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. इंजिन सावकाश फिरत असतानाही मिळणारी तिची ओढ वजनदार चालकाला खरोखरच सुखाची असते. परंतु ती १९५ किलोची आहे, आणि नव्या चालकाच्या हातून गाडी पडते ती बहुधा वेगात नव्हे, तर उतारावर थांबताना, वाळूत वळवताना किंवा पार्किंगमधून मागे ढकलताना. अंगात ताकद आहे म्हणून कललेले दोनशे किलो सावरता येतात, हा समज चुकीचा आहे. गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की ती हातांनी धरून ठेवण्याच्या प्रयत्नात मनगट आणि पाठ दुखावते. हंटर ३५० मध्ये इंजिन त्याच आकाराचे असून वजन १८१ किलो आहे, तथापि उंच माणसाला तिच्यावर पाय जरा आखडल्यासारखे वाटतात.

बसण्याची ठेवण

कंपनीच्या पत्रकात सीटची उंची दिलेली असते आणि ग्राहक तिच्यावरच सगळी भिस्त ठेवतात. पाय जमिनीला टेकतात की नाही, हे तिच्यावरून कळते खरे. पण उंच चालकाचे दुखणे निराळे असते. त्याच्यासाठी सीट आणि फूटरेस्ट यांमधले अंतर अधिक महत्त्वाचे असते, आणि ते पत्रकात क्वचितच सापडते. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर आणि क्लासिकची ८०५ मिलिमीटर, म्हणजे फरक जेमतेम दोन सेंटिमीटरचा. तरीही फूटरेस्टची जागा, सीटची रुंदी आणि टाकीचा आकार वेगवेगळे असल्यामुळे गुडघ्यांचा कोन दोन्हींवर वेगळा पडतो.

घरून येताना आपल्या पायाचे आतले माप घेऊन यावे. पायात काही न घालता भिंतीला टेकून उभे राहावे, दोन्ही मांड्यांच्या मधोमध जाड पुस्तक आडवे धरून वर दाबावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावावा. हे माप ८५ सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर हिरो एक्सपल्स २०० सारखी ८२५ मिलिमीटर उंचीची सीट आपल्याला सहज जमते, आणि ती गाडी १६० किलोच्या आतली असल्याने नवशिक्याला आवरतेही. माप ७५ च्या आसपास आणि वजन मात्र शंभराच्या वर असेल, तर उंच सीटच्या मागे लागू नये. अशा ग्राहकांना पुष्कळदा क्रूझर सुचवली जाते. तिची सीट खाली असते हे खरे, परंतु पाय पुढे पसरलेले असल्याने खड्ड्यात अंग उचलता येत नाही आणि सगळा दणका माकडहाडावर बसतो. आपल्या रस्त्यांवर जड माणसाने हे दुखणे विकत घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गाडीवर बसल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. लांब पायांच्या चालकाचा गुडघा हँडलला किंवा लिव्हर धरलेल्या बोटांना अडत असेल, तर अरुंद रस्त्यावर गाडी वळवताना नेमका घात होतो. मोठ्या पावलाच्या माणसाने रोजचे बूट घालूनच बसावे, कारण पुढे-मागे दोन दांडे असलेल्या गिअरमध्ये मोठा बूट नीट मावत नाही आणि टाच नकळत मागचा दांडा दाबते. गिअर आणि ब्रेकचे पेडल थोडे वर-खाली करता येते. ते काम आम्ही गाडी देताना करून देतो. बाहेरून लेग गार्ड बसवताना मात्र पाय जमिनीवर टेकवून पाहिल्याशिवाय पसंत करू नये, कारण उंच माणसाची नडगी त्यावर नेमकी आदळते.

शॉकअप, हवा आणि ब्रेक

नवी गाडी साधारण मध्यम वजनाच्या चालकाला धरून लावलेली असते. मागच्या शॉकअपवरील खाचांची रिंग फिरवून स्प्रिंग आवळता येते. पुष्कळ गाड्यांत अशा पाच-सहा पायऱ्या असतात. गाडी डबल स्टँडवर असताना मागच्या चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर मोजावे आणि मग चालक बसल्यावर पुन्हा मोजावे. शॉकअपच्या एकूण चालीच्या (तो जास्तीत जास्त जेवढा दबतो त्या अंतराच्या) सुमारे एक तृतीयांश एवढी गाडी खाली बसली, तर मांडणी ठीक आहे. शेवटच्या पायरीवरही ती निम्म्याने बसत असेल, तर रिंग फिरवून उपयोग नाही. अधिक कडक स्प्रिंग लागेल किंवा गाडीच वेगळी पाहावी लागेल. मागून गाडी बसली की पुढचे चाक हलके पडते, हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांवर येतो आणि वळणावर हँडल सैल वाटते, म्हणून हा प्रश्न केवळ आरामाचा समजू नये. हवा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. दोघांसाठी मागच्या चाकाचा आकडा वेगळा दिलेला असतो. शंभर किलोवरील चालकाने एकट्यानेही त्या आकड्याच्या जवळ राहावे.

ब्रेकबाबत आम्ही आग्रही आहोत. वरच्या उदाहरणातील ११० किलोच्या चालकाला स्प्लेंडरएवढ्या गाडीवरून थांबताना ६५ किलोच्या चालकापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त ऊर्जा ब्रेकांनी जिरवावी लागते, आणि घाट उतरताना ती उष्णता ड्रम ब्रेकमध्ये साठत जाते. त्यामुळे पुढे डिस्क असलेलाच प्रकार घ्यावा, मग त्यासाठी काही हजार रुपये जास्त पडले तरी चालतील. १२५ सीसीवरील मोटारसायकलींना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीची आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने शक्यतो त्यानंतरचीच पाहावी.

जुनी गाडी घेत असाल तर

पहिली गाडी जुनी घेण्यात काहीच कमीपणा नाही. वजनदार चालकाने मात्र तिचे मागचे शॉकअप तेलकट झाले आहेत का, पुढच्या फोर्कचे सील गळते का, चाक फिरवल्यावर रिम डुलते का आणि हँडलच्या कोनसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगमध्ये, खटका आहे का, एवढे पाहावेच, कारण आपल्या वजनाखाली हे दोष लवकर वाढतात. आरसी, विमा आणि पीयूसी पाहून घ्यावे आणि मालकी हस्तांतराच्या २९ व ३० क्रमांकाच्या फॉर्मवर विकणाऱ्याच्या सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

ट्रायलला येताना

ट्रायलसाठी सोमवार ते शनिवार सकाळी यावे, तेव्हा रस्ता मोकळा असतो. परवाना, रोजचे बूट आणि आयएसआय खुणेचे, डोक्याला नीट बसणारे हेल्मेट सोबत असावे. मोठ्या डोक्याची हेल्मेट आमच्याकडे मापून घेता येतील. मागे नेहमी बसणारी व्यक्ती बरोबर आली तर फारच चांगले, कारण तिच्यासह एक फेरी मारल्याशिवाय आम्ही वजनदार ग्राहकाला गाडी सुचवत नाही. गाडी घेतल्यानंतर पहिल्या महिन्यात शॉकअपची मांडणी, चेनचा ताण आणि पेडलांची उंची पुन्हा तपासून देण्याचे काम आम्ही कोणताही आकार न घेता करतो. त्यासाठी गाडी थंड असताना आणि टाकीत नेहमीइतके पेट्रोल असताना घेऊन यावी.