विंटर टायर घ्यायचे काय? आधी रबराचं बघू

डिसेंबर आला की आपल्या बेळगावात टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत दोन तऱ्हेची चर्चा सुरू होते. पोरगा जर्मनीला नाहीतर कॅनडाला असतो, व्हिडिओ कॉलवर सांगतो की गाडीचे चारी टायर बदलायलोय, हिवाळ्याचे घालायलोय, आणि इकडनं बाबा म्हणतात अरे आहेत ते चांगले आहेत की, कशाला पैसे घालवायलास. नाहीतर मग मित्रांची गँग स्वतःची गाडी काढून मनालीला निघते आणि कोणतरी विचारतो, विंटर टायर टाकून घेऊया काय? माझं मत विचाराल तर पोराचं बरोबर आहे आणि गँगला गरज नाही.

आपल्याकडं समज असा की बर्फाचा टायर म्हणजे खोल खाचांचा, ट्रॅक्टरसारख्या नक्षीचा टायर. नक्षी लागते, पण पहिला मुद्दा रबराचा. टायर रस्ता धरतो कारण रबर मऊ असतं, डांबरातल्या बारीक खडीच्या उंचसखल जागांत ते दबून बसतं आणि तिथनं निसटताना अडकत अडकत निसटतं, त्यालाच आपण ग्रिप म्हणतो. थंडी वाढली की रबरातल्या लांबच लांब रेणूंच्या साखळ्या सुस्त होतात, हलत नाहीत, रबर ताठरतं. प्रत्येक रबराचं एक तापमान असतं ज्याच्या खाली ते पार काचेसारखं कडक होतं. साधा टायर शून्याला काही एवढा कडक होत नाही, पण ताठरायला सुरुवात फार आधीच होते, म्हणून थंड देशात साधारण ७ अंश सेल्सिअसचा आकडा सांगतात, त्याच्या खाली रस्ता कोरडा असला, बर्फाचा पत्ता नसला तरी साध्या टायरची पकड कमी व्हायला लागते. ७ हा काही निसर्गाचा नियम नव्हे, अंदाजानं धरलेली रेघ आहे.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत हायड्रॉलिकच्या कामात असलेल्याला हे वेगळं सांगायला नको, ओ-रिंग म्हणजे सांधा बंद करणारी रबराची कडी, ती कडक झाली की तेल गळतंच. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उडाल्यावर ७३ सेकंदांत फुटलं, सात जण गेले, त्यामागं हीच गोष्ट होती. रात्रभर कडाक्याची थंडी, रॉकेटच्या सांध्यातलं रबर ताठरलेलं, फट वेळेत बुजली नाही. नंतर चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्याच रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला आणि काढून दाखवला, रबर लगेच मूळ आकारात येईना.

विंटर टायरची रेसिपीच वेगळी असते, नैसर्गिक रबर आणि सिलिका जास्त घालून ते थंडीतही मऊ राहील असं बनवलेलं. त्यात ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या, प्रत्येक ठोकळ्यावर पातळ पातळ चिरा असतात, शेकड्यानं. गाडी चालताना ठोकळा वाकतो, चिरा उघडतात आणि प्रत्येक चिरेची कड बर्फाला ओरखडते. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं: विंटर टायर बर्फ झटकून टाकत नाही, उलट खाचांत भरून घेतो. ताजा बर्फ मुठीत आवळला की लाडू वळतो ना, तसा तो खाचांत घट्ट बसतो, आणि बर्फ बर्फाला जेवढा धरतो तेवढा रबराला धरत नाही. चिखलाचा टायर मात्र चिखल बाहेर फेकायला केलेला असतो, त्यामुळं तो बघायला रांगडा असला तरी बर्फात फसवू शकतो. पहिला विंटर टायर फिनलंडच्या कारखान्यात १९३४ ला ट्रकसाठी निघाला, आज त्या कंपनीला नोकियन म्हणतात.

आता आकडे, कारण खरी भीती तिथं आहे. ब्रेक लावल्यावर गाडी किती लांब जाणार हे दोनच गोष्टींवर ठरतं, वेग आणि घर्षण. कोरड्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे पकड किती त्याचा आकडा, ०.८ धरला तर ताशी ५० वरनं गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर चांगला विंटर टायर ०.३ च्या आसपास देतो, म्हणजे ३३ मीटर. साधा टायर ०.२ वर आला तर ४९ मीटर. आणि काचेसारख्या गुळगुळीत गोठलेल्या बर्फावर ०.१ धरला तर ९८ मीटर, मग टायर कुठलाही असू दे. यात ड्रायव्हरला ब्रेकवर पाय न्यायला लागणारा सेकंदभर धरलेलाच नाही, त्यात अजून १४ मीटर जातात. गंमत म्हणजे या गणितात वजन कापलं जातं. अल्टो असो की स्कॉर्पिओ, अंतर साधारण तेच. फोर बाय फोर आहे, इंजिनची ताकद चारी चाकांना जाते, म्हणून काय होत नाही असं म्हणणाऱ्याला सांगायचं, फोर बाय फोर गाडी सुटायला मदत करतं, चढाला मदत करतं, पण ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारी चाकांना असतोच की, थांबताना त्याचा फायदा शून्य.

बर्फ निसरडा का, तर त्याच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्यासारखे घट्ट बांधलेले नसतात, शून्याच्या खालीही वर एक अतिपातळ पाण्यासारखा थर असतो. इंग्रज शास्त्रज्ञ मायकल फॅरेडे यांनी १८५० च्या सुमारासच हे ओळखलं होतं. म्हणून उणे २० चा बर्फ त्यामानानं बरा आणि शून्याजवळचा, वितळू लागलेला बर्फ सगळ्यात वाईट. मनालीकडं दुपारी ऊन, रात्री पुन्हा गोठणार, म्हणजे सकाळी रस्त्यावर दिसतसुद्धा नाही असा पारदर्शक पापुद्रा, त्यातही पुलांवर आधी, कारण पूल वरनं पण गार होतो आणि खालनं पण.

बरं, मग मनालीच्या गँगनं काय करायचं. बेळगावहून मनाली दोन हजार किलोमीटरच्या वर, आणि त्यातला जवळपास सगळा रस्ता कोरडा न् उबदार. तेवढ्यात विंटर टायरचं मऊ रबर झिजून जाणार, शिवाय गरम डांबरावर त्याचा ब्रेकही लांब लागतो. आपल्या भागातल्या दुकानात ते सहज मिळतही नाहीत. बर्फ पडला की मनालीच्या वरच्या अटल बोगद्याच्या बाजूला पोलीस फोर बाय फोर नाहीतर चेनवाल्या गाड्याच सोडतात. चेन म्हणजे टायरवर गुंडाळायची लोखंडी साखळी, गावात कुणाही रिटायर्ड फौजीला विचारा, लेहला ट्रक चालवलेला एकतरी निघतोच, मराठा रेजिमेंटचं सेंटर इथंच आहे म्हटल्यावर. चेन इंजिनची ताकद जाते त्या चाकांना बांधायची, आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या, वेग ३०-४० च्या वर न्यायचा नाही, आणि डांबर दिसलं की काढायची. सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे गाडी मनालीत लावून वरती लोकल ड्रायव्हरच्या गाडीनं जाणं. अजून एक, बेळगावात भरलेली हवा तिकडं कमी दाखवणार, तापमान ३०-३५ अंशांनी उतरलं की चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जातात, उंचीमुळं त्यातलं थोडं भरून निघतं, तर तिथं गार टायरवर पुन्हा चेक करायचं.

आता पोराचे पैसे. दोन सेट म्हणजे खर्च दुप्पट असं वाटतं, पण एक सेट चालतो तेव्हा दुसरा झिजत नाही, त्यामुळं दोन्ही जास्त वर्षं पुरतात. जास्तीचा खर्च रिमचा, ठेवायच्या जागेचा आणि वर्षातनं दोनदा बदलायचा. शिवाय तिथं कायदाच आहे, क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती, जर्मनीत तारीख नाही पण रस्त्यावर बर्फ असेल तर योग्य टायर पाहिजेच, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरं आणि मधे हिमकण असं चिन्ह असलेलाच टायर तिथं धरतात. नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं आता चालत नाही, ते कंपनीनं स्वतःच म्हटलेलं असतं, चिन्हाला मात्र बर्फावरची चाचणी लागते.

बेळगावात पहाटे १२-१३ अंश म्हणजे आपली कडाक्याची थंडी, तिथं साधा टायर मजेत असतो. आपला बर्फ म्हणजे जून ते सप्टेंबर, कणकुंबी-चोर्ल्याचा आणि आंबोलीचा पाऊस. तिथं रबर ताठरत नाही, पाणी मधे येतं. वॉल्टर हॉर्न यांनी नासात १९६० च्या दशकात विमानाच्या टायरवरनं एक ढोबळ सूत्र काढलं, त्यानं ३२ पीएसआयला ताशी ९४ च्या आसपास टायर साठलेल्या पाण्यावर तरंगायला लागतो, हवा २४ वर आली की ८२ लाच. खाचा झिजलेल्या असतील तर पाण्याला बाजूला जायला वाटच नसते. घाटात एवढा वेग कोण नेत नाही, पण निपाणी ते बेळगाव हायवेला सगळेच नेतात. कायद्यानं १.६ मिलिमीटर खाच उरली तरी चालते, पण मी तर पावसाळ्याआधी ३ च्या खालचा टायर ठेवणार नाही. विंटर टायरचंही तसंच, तो ४ च्या खाली गेला की बर्फासाठी संपला असंच धरतात.

आणि खाच भरपूर असली तरी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा, ३५१६ असेल तर तो २०१६ च्या ३५ व्या आठवड्यात बनलाय. वयानं पण रबर कडक होतं, गाडी दारात उभी असली तरी.