युद्धकालीन पोलीस स्वयंसैनिक (नागपूर)

युद्ध सुरू असताना पोलीस खात्याची नोकरी सोडून, किंवा त्या पदावरचा धारणाधिकार (परत रुजू होण्याचा हक्क) राखून, स्वेच्छेने सैन्यात दाखल झालेल्या व्यक्तीस ही संज्ञा लावतात. हुकमाने लष्कराकडे वर्ग झालेले पोलीस तीत मोडतात की नाही, याबद्दल एकमत नाही.

मराठीत हा पेच शब्दांपासूनच सुरू होतो. ‘शिपाई’ (मूळ फार्सी ‘सिपाही’) हा शब्द पलटणीतल्या माणसालाही लागतो आणि ठाण्यातल्या माणसालाही. ‘हवालदार’ आजही दोन्हीकडे आहे. ‘जमादार’ हे सैन्यातील पद 1965 मध्ये ‘नायब सुभेदार’ झाले; पोलीस ठाण्यात मात्र लोकांच्या तोंडी तो शब्द पुढेही राहिला. त्यामुळे जुन्या कागदात नुसता ‘शिपाई’ असा उल्लेख असेल, तर तो माणूस कोणत्या दलातला हे पगाराच्या नोंदीवरून किंवा पट्ट्यावरच्या क्रमांकावरूनच ठरवावे लागते. दुसरा पेच आसामचा. पहिल्या महायुद्धात आसाम मिलिटरी पोलिसांतील तीन हजारांहून अधिक जवान गुरखा पलटणींना पुरवले गेले आणि 1917 मध्ये त्या दलाला ‘आसाम रायफल्स’ हे नाव मिळाले. काही जण त्यांना स्वयंसैनिकांत धरतात. परंतु हे दल नावाने पोलीस असले तरी घडणीने लष्करीच होते. ठाण्याचा नागरी पोलीस बंदूक घेऊन आघाडीवर जाणे ही निराळी गोष्ट आहे. संज्ञा त्याच्यापुरती ठेवणे अधिक योग्य वाटते.

अशा पोलिसाची खरी अडचण कायद्याची होती. नागपूर ज्यात होते त्या मध्यप्रांताची निर्मिती आणि पोलीस कायदा, दोन्ही 1861 चे. त्या कायद्याच्या कलम 9 प्रमाणे जिल्हा अधीक्षकाच्या परवानगीशिवाय काम सोडता येत नसे. परवानगी नसेल तर राजीनाम्याची निदान दोन महिन्यांची लेखी सूचना द्यावी लागे. ती न देता निघून गेल्यास कलम 29 खाली तीन महिन्यांपर्यंत पगाराचा दंड, तितकीच कैद, किंवा दोन्ही. पलटणीत भरती व्हायला निघालेला माणूस अशा रीतीने आधी स्वतःच्याच खात्याचा गुन्हेगार ठरू शकत होता. त्याच्या स्वेच्छेचा विचार करताना ही बाब नजरेआड करू नये.

नागपुरात सैन्य आणि पोलीस ही दोन्ही दले शेजारीशेजारी वाढली. कामठीची छावणी 1821 ची. आज तेथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे. टाकळीला 1857 मध्ये अनियमित घोडदळाचा तळ होता आणि जूनमधील उठावाचा बेत तेथेच शिजला. आज त्याच भागाला ‘पोलीस लाईन टाकळी’ म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धात प्रांतिक सरकारला पोलीस घरातच हवे होते. 16 ऑगस्ट 1942 रोजी आष्टी (जि. वर्धा) आणि चिमूर येथे गोळीबारात आंदोलक पडले, पोलीसही मारले गेले. अशा काळात पोलिसाला आघाडीवर जाण्याची मोकळीक सहज मिळणे कठीणच.

स्वातंत्र्याच्या सुमारास या प्रश्नाला उलट बाजूने उत्तर मिळाले : पोलिसांना पाठवण्याऐवजी नागरिकांनीच त्यांच्या मदतीला यावे. गृहरक्षक दलाचा (होमगार्ड) आरंभ मुंबईत 6 डिसेंबर 1946 रोजी झाला असे सर्वसाधारणपणे मानतात. नागपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते आणि या प्रांताने 1947 मध्ये स्वतःचा गृहरक्षक कायदा केला. येथील होमगार्डची परंपरा त्या कायद्याशी जोडणे अधिक सयुक्तिक आहे. 1962 च्या चिनी आक्रमणानंतर देशभर या दलाला एकसारखे रूप देण्यात आले. आपत्कालीन मदतकार्याच्या प्रशिक्षणासाठी 1957 मध्ये नागपुरात निघालेली केंद्रीय संस्था 1968 मध्ये राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली.

प्रादेशिक सेना 1949 मध्ये उभी राहिली. तिची ग्रेनेडियर्सशी संलग्न 118 वी पायदळ बटालियन सीताबर्डीच्या किल्ल्यात आहे. नोकरी-व्यवसाय सांभाळून सैन्यसेवा करू इच्छिणाऱ्या नागरिकांसाठी ही सेना असली, तरी तिच्या अधिकारी भरतीत सेवेतील पोलीस पात्र धरला जात नाही. सीताबर्डीच्या चौकात उभ्या असलेल्या वाहतूक हवालदाराला समोरचा किल्ला दिसतो, पण नोकरीत असेपर्यंत त्या मार्गाने अधिकारी म्हणून तेथे जाता येत नाही. उलट दिशेचा रस्ता उघडा आहे : महाराष्ट्रातील पोलीस भरतीत माजी सैनिकांसाठी 15 टक्के समांतर (प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या जागांतूनच दिले जाणारे) आरक्षण असते.