दडे बसलेल्या कानांची आठवण

त्या रात्री वाजलेली गाणी आज मला क्रमानं सांगता येणार नाहीत. पहिलं कोणतं होतं, शेवटचं कोणतं, सगळं धूसर झालं आहे. पण अंगातला शर्ट छातीवर थरथरत होता, हे काल घडल्यासारखं आठवतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुंबईत धोबीतलावाजवळचं रंगभवन, वर उघडं आकाश, आणि स्टेजच्या उजव्या बाजूच्या स्पीकरांच्या चळतीपासून हातभर अंतरावर आम्ही चार मित्र. बास गिटारचा प्रत्येक ठोका बरगड्यांच्या आत वाजत होता. परतीच्या लोकलमध्ये शेजारचा मित्र काहीतरी सांगत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू येत होती ती फक्त एक बारीक, न थांबणारी शिट्टी. दोन्ही कानांना दडे बसले होते. घरी आईनं दार उघडून काय विचारलं, तेही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दडे सुटले, आणि पुढे कितीतरी दिवस आम्ही ती शिट्टी पदकासारखी मिरवली.

ती शिट्टी म्हणजे नेमकं काय होतं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

रॉकच्या दुनियेत मोठ्या आवाजाच्या आठवणी निघाल्या, की ३१ मे १९७६ या तारखेपाशी गप्पा थांबतातच. लंडनमधलं चार्लटन फुटबॉल क्लबचं मैदान, पावसात भिजलेले श्रोते आणि स्टेजवर ‘द हू’ हा ब्रिटिश रॉक बँड. ध्वनियंत्रणेची ताकद ७६ हजार वॉट. स्पीकरपासून ३२ मीटरवर मोजलेला आवाज भरला १२६ डेसिबल. गिनीजच्या पुस्तकात सर्वांत मोठ्या आवाजाची मैफल म्हणून तिची नोंद झाली. त्याआधी हा मान ‘डीप पर्पल’ या दुसऱ्या बँडकडे होता, १९७२ साली लंडनच्या रेनबो थिएटरमधले ११७ डेसिबल. पुढे गिनीजनं हा विक्रम नोंदवणंच बंद केलं, कारण तो मोडायच्या नादात लोकांचे कान जाणार होते.

११७ आणि १२६ यांत दिसायला नऊचाच फरक आहे. पण डेसिबलची पट्टी बेरजेची नाही, गुणाकाराची आहे. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा साधारण दुप्पट होते, दर १० डेसिबलला दहापट. म्हणजे चार वर्षांत विक्रम नऊ आकड्यांनी पुढे सरकला, तेव्हा ऊर्जा जवळजवळ आठपट झाली होती. आपल्याला मात्र ती आठपट वाटत नाही. ऊर्जा दहापट झाली तर आवाज जेमतेम दुप्पट मोठा भासतो. घात होतो तो इथेच. कानावर पडणारा मार आणि मनाला जाणवणारा मोठेपणा एका गतीनं वाढत नाहीत, म्हणून गर्दीत उभ्या माणसाला आपण किती झेलतो आहोत याचा अंदाज येत नाही.

आणखी एक आकडा मला फार विलक्षण वाटतो. १२६ डेसिबलच्या आवाजात हवेचा दाब सुमारे ४० पास्कलनं वरखाली होत असतो. आपल्याभोवतीच्या वातावरणाचा दाब एक लाख पास्कलच्या आसपास. म्हणजे चार्लटनचा तो गडगडाट वातावरणाच्या दाबातला अडीच हजारावा हिस्सा होता, बस्स. तो एवढा भयंकर वाटतो, कारण आपला कान अतोनात नाजूक आहे. शांत खोलीत ऐकू येणारा सर्वांत क्षीण आवाज ४० पास्कलच्या वीस लाखाव्या भागाइतक्या दाबाचा असतो. एवढं बारीक टिपणाऱ्या अवयवासमोर आपण ७६ हजार वॉट उभे करतो.

मग माणसं तिथं उभी का राहतात? मी का राहिलो? नुसता उनाडपणा म्हणून हा प्रश्न सोडून देता येत नाही, त्याला शरीरशास्त्रात उत्तर आहे. आपल्या अंतर्कर्णात ऐकण्याच्या इंद्रियाला लागूनच तोल सांभाळणारं इंद्रिय असतं. त्यातली सॅक्यूल नावाची इवलीशी पिशवी उत्क्रांतीत फार जुनी. काही माशांमध्ये ऐकण्याचं काम तीच करते. मँचेस्टर विद्यापीठातल्या नील टॉड आणि फ्रेडरिक कोडी यांनी २००० साली दाखवलं, की साधारण ९० डेसिबलच्या वर गेलेल्या नृत्यसंगीताला माणसाचं हे तोलाचं इंद्रियही प्रतिसाद देतं. झोपाळ्यावर किंवा पाळण्यात बसल्यावर जो सुखद गोळा येतो, त्याच्या जवळपासचं काहीतरी मोठ्या आवाजात घडत असावं, असा त्यांचा तर्क होता.

खर्जाचा परिणाम तर कानांवाचूनही होतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एका खऱ्या इलेक्ट्रॉनिक मैफलीत संशोधकांनी फार खालच्या, ८ ते ३७ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) ध्वनीचे खास स्पीकर लावले आणि दर अडीच मिनिटांनी ते चालू-बंद केले. चालू आहेत की बंद, हे श्रोत्यांना ओळखता येत नव्हतं. तरी ते चालू असताना नाचणाऱ्यांच्या हालचाली ११.८ टक्क्यांनी वाढल्या. २०२२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मला माझा थरथरता शर्ट आठवला. ऐकण्याच्या जोडीला त्वचा, छाती, तोल सगळं एका तालावर लागलेलं असतं. हजारो लोकांच्या अंगात तोच ठोका एकाच क्षणी पडत असतो. असा अनुभव कुणाला विसरता येईल?

मेंदू तो विसरतही नाही. मन उचंबळतं तेव्हा शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि त्याच्या भाऊबंदांचा पूर येतो, मेंदूतला भावनांचा भाग, अमिग्डला, जागा होतो आणि आठवण पक्की करायला आठवणींच्या भागाला, हिप्पोकॅम्पसला ढोसतो. १९९४ साली लॅरी केहिल, जेम्स मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना चित्रांसह एक गोष्ट दाखवली. तिच्यात एका मुलाला अपघात होतो. काहींना आधी प्रोप्रॅनोलॉल नावाचं औषध दिलं होतं, ते या रसायनांचा परिणाम अडवतं. आठवड्यानं विचारलं तेव्हा गोष्टीतल्या साध्या भागाची आठवण दोन्ही गटांत सारखीच होती, पण औषध घेतलेल्यांच्या मनात अपघाताचा भाग इतरांइतका ठळक उमटलेला नव्हता. आठवणीची शाई थोडीफार अंगातल्या धडधडीतून येते. शिवाय पंधरा ते पंचविशीच्या आसपासचं माणसाला उरलेल्या आयुष्यापेक्षा जास्त आठवतं, आणि स्पीकरला चिकटून उभं राहायचं वयही नेमकं तेच.

मात्र ठळक आठवण खरी असेलच असं नाही. १९८६ साली चॅलेंजर यान कोसळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कळली तेव्हा मी कुठे होतो’ हे लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. ११ जणांचं मुख्य तपशिलांपैकी एकही जुळलं नाही, आणि बरेच जण आपल्या चुकीच्या आठवणीबद्दल ठाम होते. त्यामुळे मित्रांच्या बैठकीत दरवर्षी स्पीकरांची चळत थोडी उंच होत गेली, तर कुणी खोटं बोलत नसतं. आम्हा चौघांत तर त्या रात्री पाऊस होता की नाही यावरही एकमत नाही. शिट्टी मात्र चौघांनाही आठवते.

आता त्या शिट्टीकडे येतो. अंतर्कर्णातलं ऐकण्याचं इंद्रिय, कॉक्लिया, म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी, उलगडली तर साडेतीन सेंटिमीटर. तिच्यात साधारण साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या केशपेशी असतात. हवेतली लाट शेवटी या पेशींवरचे सूक्ष्म केस वाकवते आणि त्या वाकण्याचे विजेचे संकेत होतात. जन्मताना मिळालेला हा साठा आयुष्यभर पुरवायचा असतो. कोंबडीच्या पिलांच्या केशपेशी मेल्या तर नव्या उगवतात, हे १९८०च्या दशकात कळलं. माणसात त्या उगवत नाहीत. प्रचंड आवाजात केसांना जोडणारे अतिसूक्ष्म धागे तुटतात, पेशी थकतात, चेतातंतूंची टोकं सुजतात. हेच ते दडे. मेंदूकडे येणारे संकेत कमी पडले की मेंदू आपल्या बाजूनं आवाजाची कळ फिरवून वाढवतो आणि नसलेला सूर ऐकू लागतो, असं शिट्टीबद्दलचं एक प्रमुख स्पष्टीकरण आहे.

दडे सुटले म्हणजे कान बरा झाला, असं आम्हीच नव्हे तर डॉक्टरही कित्येक वर्षं मानत होते. २००९ साली हार्वर्डच्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी हा समज मोडला. त्यांनी उंदरांना १०० डेसिबलचा गोंगाट दोन तास ऐकवला. काही दिवसांत उंदरांचं ऐकणं चाचणीत पूर्ववत झालं, केशपेशी सगळ्या जागच्या जागी होत्या. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर कॉक्लियाच्या काही भागात केशपेशी आणि चेतातंतू यांच्यातले जवळजवळ निम्मे सिनॅप्स, म्हणजे संकेत पोचवणारे सांधे, कायमचे गेले होते. दिवा शाबूत आणि वायरी तुटलेल्या. शांत खोलीतल्या चाचणीत हे दिसत नाही. जिवंत माणसात हे सिनॅप्स मोजता येत नाहीत, म्हणून आपल्यात मैफलींनी नेमकं किती नुकसान होतं यावर अजून वाद चालू आहे. तरी लग्नाच्या हॉलमध्ये समोरच्याचं बोलणं नीट न कळणारी, पण चाचणीत पास होणारी कितीतरी माणसं मला माहीत आहेत.

माझ्या चाचणीत तर खड्डा दिसतोच. उजव्या कानाच्या आलेखात, ४००० हर्ट्झजवळ. एका रात्रीवर त्याचं खापर फोडता येत नाही, तशा रात्री पुष्कळ होत्या. पण मोठ्या आवाजानं पडणारा खड्डा बहुधा याच जागी पडतो. बाह्यकर्णाची नळी ३००० हर्ट्झच्या आसपासचे सूर आपोआप मोठे करते, आणि मार बसतो त्याच्या थोडा वरच्या पट्टीत. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची धार साधारण याच पट्टीत असते. खड्डा खोल होत गेला की ‘साठ’चा ‘आठ’ होतो.

अंग हलवणारा खर्ज आणि कान कापणारी ही वरची पट्टी, हे आवाजाचे दोन वेगळे भाग आहेत. मला हे समजलं, तेव्हा फार दिलासा वाटला. माझी आठवण छातीनं जपली होती, आणि तिच्यासाठी केशपेशींनी मरायची काहीच गरज नव्हती.

हिशेब कडक आहे. अमेरिकेतल्या निऑश या कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेच्या संस्थेच्या शिफारशीनुसार कामगारानं ८५ डेसिबल दिवसाला आठ तासच झेलावेत आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा. १०० डेसिबलला तो पंधरा मिनिटं होतो, ११५ला अर्ध्या मिनिटाहून कमी. विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला पाठ लावून रात्रभर चालणारी पोरं पाहिली की पोटात तुटतं, कारण हा हिशेब त्यांना कुणी सांगितलेला नसतो. कापसाचे बोळे पुरत नाहीत, त्यांनी आवाज फार थोडा अडतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली मैफलींसाठी मर्यादा सुचवली ती पंधरा मिनिटांच्या सरासरीनं १०० डेसिबलची, आणि श्रोत्यांना इअरप्लग मिळावेत असंही सांगितलं.

‘द हू’चे गिटारवादक पीट टाउनशेंड यांचा अँप (अँप्लिफायर) इतरांपेक्षा मोठा असावा असा हट्ट असे. पश्चिम लंडनमधल्या जिम मार्शल यांच्या दुकानातून शंभर वॉटचे अँप निघाले ते या मागणीतून. बासवादक जॉन एंटविसल यांच्याशी त्यांची आवाजाची चढाओढच चाले. उतारवयात दोघांचीही श्रवणशक्ती खालावली. टाउनशेंड मात्र स्टेजपेक्षा स्टुडिओतल्या हेडफोनला जास्त दोष देतात. कानात हेडफोन खुपसून हे वाचणाऱ्यांनी इथं जरा थांबावं. रॉकवाल्यांच्या कानांसाठी अमेरिकेत १९८८ साली एक संस्था निघाली, तिला सुरुवातीला पैसा टाउनशेंड यांनीच दिला.

इअरप्लगचा उपयोग मोजलेला आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका खुल्या संगीत महोत्सवात ५१ जणांना साडेचार तास, सरासरी १०० डेसिबलमध्ये ठेवलं. प्लग न घातलेल्यांपैकी ४२ टक्के कानांचं ऐकणं तात्पुरतं मंदावलं, घातलेल्यांपैकी ८ टक्के.

गेल्या हिवाळ्यात पुण्यात भाचीबरोबर एका मैफलीला गेलो. दोघांच्याही कानांत प्लग होते. ती आधी कुरकुरली, “मामा, असं कोण ऐकतं?” पहिला बास वाजला तसा तिनं छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले. निघताना प्लग काढले. रिक्षात ती घर येईपर्यंत बोलत होती, आणि दारात रिक्षावाल्यानं “साठ झाले” म्हटलं, तेव्हा मला साठच ऐकू आलं.