विमा म्हणायचं की हमी?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीत काळी आणि पिवळी मारबत, मिरवणुकीतले दोन मोठे पुतळे, समोरासमोर येतात, तेव्हा गर्दीची मुख्य मागणी एकच असते: ईडापीडा, रोगराई घेऊन जा. काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. रोगराई मारबतीनं न्यावी, पण दवाखान्याचं बिल कोणी न्यावं, हा प्रश्न बडग्यांच्या, म्हणजे सोबत निघणाऱ्या टिंगलीच्या पुतळ्यांच्या, वाट्याचा. बांबूच्या कामट्या, रद्दी, जुने कपडे आणि गळ्यात पुठ्ठ्याची पाटी. पाटीवर सहा-सात शब्द मावतात. आरोग्य विम्यावरची राजकीय टिंगल नावं, फोटो आणि घोषणांच्या पलीकडे फारशी का जात नाही, याचं उत्तर त्या पाटीच्या आकारात आहे.

सक्तीचा विमा शहराला नवा नाही. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा नागपुरात १९५४ मध्ये लागू झाला, शहर मध्य प्रदेशची राजधानी असताना. गिरण्या गेल्या, पगारातली कपात राहिली. जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पावणेदोन टक्क्यांवरून पाऊण टक्क्यावर आला आणि मालकाचा पावणेपाचवरून सव्वातीनवर. कपात घटली म्हणून कोणी बडग्या काढत नाही.

खरी वादावादी पगारदारांबाहेरच्यांसाठीच्या योजनेवरून झाली. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. विदर्भातले त्यात गडचिरोली आणि अमरावती. नागपूरला २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, कुटुंबाला वर्षाला दीड लाख. २०१७ मध्ये योजना महात्मा फुल्यांच्या नावाची झाली आणि भांडण नावावर घसरलं. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, आवारात लोक अजूनही ‘जीवनदायीतून ऑपरेशन झालं’ असंच म्हणतात; पाटी बदलली तरी जीभ बदलत नाही.

नावाच्या गोंधळात खरा बदल दबला. तो ‘विमा’ या शब्दात होता. १९९७ च्या मूळ जीवनदायीत विमा नव्हताच. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाच्या हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोठ्या उपचारांचे पैसे सरकार थेट देत असे. २०१२ ला मधे कंपनी आली. हप्ता सरकारनं भरायचा, दावा कंपनीनं तपासायचा, रुग्ण मात्र दोघांनाही भेटत नाही. त्याला भेटतो तो टेबलामागचा आरोग्यमित्र, योजनेचा रुग्णालयातला माणूस, कार्ड उलटसुलट करून पाहणारा. १ एप्रिल २०२० पासून ही योजना केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली आणि तिसरीच तऱ्हा आली: केंद्राच्या यादीतल्या ८३.७२ लाख कुटुंबांसाठी दीड लाखापर्यंत विमा, त्यापुढे पाच लाखांपर्यंत ‘हमी’. म्हणजे एकाच ऑपरेशनच्या बिलाचा खालचा भाग कंपनीचा, वरचा तिजोरीचा. विमा असेल तर दावे कमी आले की उरलेला हप्ता कंपनीच्या खिशात राहतो, ही विम्याच्या विरोधकांची तक्रार. हमी असेल तर तिजोरी ओढगस्तीत आली की रुग्णालयांचे पैसे अडकतात आणि मग पेशंटला ‘कार्ड चालत नाही’ ऐकावं लागतं, ही विम्याच्या समर्थकांची. दोन्ही खऱ्या. तरी माझं झुकतं माप हमीला, कारण तिथे निदान जाब कोणाला विचारायचा हे ठरलेलं असतं. १९९७ ला जिथून निघालो होतो, अर्धा रस्ता पुन्हा तिकडेच वळलो, हे मात्र कोणी कबूल करत नाही.

मग आलं सरसकटपण. २०२३ च्या निर्णयानं पांढऱ्या कार्डवाल्यांसकट सगळ्यांना पाच लाख, अंमल १ जुलै २०२४ पासून. ज्याचा हप्ता कोणीही स्वतः भरत नाही त्याला विमा म्हणावं का, हा प्रश्न आणखी अवघड झाला.

त्याच महिन्यात दुसरा वाद थेट नागपुरातून निघाला. इथल्या आयुर्विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं निवेदन दिलं आणि शहराच्या खासदारांनी, जे स्वतः केंद्रात मंत्री आहेत, विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी काढा असं पत्र आपल्याच सरकारच्या अर्थखात्याला लिहिलं. विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं. मंत्र्यालाच कर जाचतो तर आमचं काय, हे वाक्य पाटीवर बरोबर मावणारं होतं. वैयक्तिक पॉलिसीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ ला शून्य झाला. ग्रुप पॉलिसीवरचा राहिला. त्या वर्षीची मारबत तोवर महिनाभरापूर्वीच जाळून झाली होती.