मिंगोऱ्याची डायरी आणि आमचा हजेरीपट

३ जानेवारीला आमच्या शाळेत सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातला जातो आणि मुली नऊवारी नेसून भाषणं करतात. गेली काही वर्षं त्या फोटोशेजारी आणखी एक चेहरा असतो, डोक्यावर ओढणी घेतलेल्या मलाला युसूफझाईचा. सातवीतल्या एका मुलीनं तो वर्तमानपत्रातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवून आणला होता. तेव्हापासून तो दरवर्षी कपाटातून निघतो, पुसला जातो आणि टेबलावर बसतो.

मलाला म्हटलं की बहुतेकांना गोळी आठवते. ९ ऑक्टोबर २०१२, शाळेची गाडी, "मलाला कोण?" हा प्रश्न आणि मग गोळ्या. त्या गाडीत शाझिया आणि कायनात या तिच्या मैत्रिणीही जखमी झाल्या होत्या, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मला तिच्याबद्दल जो आदर वाटतो, तो गोळीच्या पावणेचार वर्षं आधी लिहिलेल्या एका ओळीमुळे. 'गुल मकई' या टोपणनावानं बीबीसी उर्दूसाठी तिनं जी डायरी लिहिली, तिच्या पहिल्या नोंदीची तारीख आहे ३ जानेवारी २००९. सावित्रीबाईंची जयंती! अकरा वर्षांच्या त्या पोरीला हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. त्या नोंदीत तिनं रात्री पडलेलं वाईट स्वप्न लिहिलंय, रस्त्यात ऐकलेली धमकी लिहिलीय आणि एक आकडा लिहिलाय: वर्गात आज २७ पैकी ११ मुली आल्या.

मी वीस वर्षं हजेरी घेते आहे. पटावरचा आकडा आणि समोर बसलेला आकडा यांच्यातलं अंतर म्हणजे काय असतं, ते मला कळतं. तेवढं एकच वाक्य वाचून ही मुलगी मला माझ्या वर्गातली वाटली.

ती डायरी कुठल्या मातीतून आली, हे नीट पाहिलं पाहिजे. आपल्याकडे सर्रास समजतात की त्या भागात मुलींनी कधी शाळा पाहिलीच नव्हती. तसं नाही. पाकिस्तानातलं स्वात हे १९६९ पर्यंत एक संस्थान होतं. तिथला शेवटचा वाली मियांगुल जहानझेब हा शाळा बांधणारा राजा होता. १९५२ साली त्यानं सैदू शरीफला कॉलेज काढलं, मुलींच्याही शाळा उघडल्या. स्वातमधल्या मिंगोऱ्यात मलालाचे वडील झियाउद्दीन युसूफझाई यांनी खुशाल स्कूल काढलं, आणि तिथेच त्यांची मुलगी शिकली. मग २००४-०५च्या सुमारास फझलुल्लाह नावाचा, पुढे तालिबानचा म्होरक्या झालेला मौलवी एफएम रेडिओवरून बोलायला लागला. आधी नमाज, चांगली वागणूक, दानधर्म. बायकाही कान देऊन ऐकायच्या. हळूहळू तो रेडिओवर नावं घ्यायला लागला: अमक्याच्या मुलीनं शाळा सोडली, तिचं अभिनंदन. पुढे शेकडो शाळा स्फोटांनी उडवल्या गेल्या, आणि २००८ संपता संपता हुकूम निघाला की १५ जानेवारी २००९ नंतर एकाही मुलीनं शाळेत जायचं नाही.

नावं घेऊन अभिनंदन! दार बाहेरून लावण्याआधी ते आतून लावून घेण्याची सवय आधी लावली जाते. पुढे चौथीपर्यंतच्या मुलींना थोडी मुभा मिळाली, तेव्हा मलाला आणि तिच्या वर्गातल्या मुली साधे कपडे घालून, पुस्तकं शालीखाली लपवून, आपण चौथीतल्याच आहोत असं भासवत शाळेत जात राहिल्या.

शाळकरी मुलीनं आपल्या हातानं लिहावं आणि मोठ्यांच्या जगानं दचकावं, हे आपल्याकडे फार आधी घडून गेलंय. १८४८ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीनं १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. सावित्रीबाईंच्या अंगावर उडालेल्या शेणचिखलाची गोष्ट आपण दरवर्षी सांगतो. मुक्ताच्या निबंधाचं नाव मात्र भाषणात क्वचितच येतं. मला विचाराल तर गुल मकईची खरी थोरली बहीण ती आहे.

पण पुण्यातली ती लाट मराठवाड्यात आली नाही. सरहद्द आड आली. पुणे इंग्रजांकडे, आम्ही निजामाकडे. इथली शाळा, कचेरी, दस्तऐवज सगळं उर्दूत. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. देशी भाषेतून उच्च शिक्षण ही कल्पना त्या काळात मोठीच होती, हे मान्यच केलं पाहिजे. पण घरात मराठी, तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला ती भाषा परकीच होती. मुलग्यांचीच ही गत, तर मुलींना कोण पाठवतो! खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी लागे. तरीही माणसांनी शाळा काढल्या. औरंगाबादला सरस्वती भुवन, अंबाजोगाईला योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा. हिप्परग्याला आणि पुढे अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते, आणि मुक्तिसंग्रामाची पिढी या शाळांमधून घडली. त्या पिढीत मुली फार थोड्या होत्या.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मुलीच्या लग्नाचं वय चौदा करणारा सारडा कायदा १९२९ सालचा. तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, संस्थानांना लागू नव्हता. म्हणजे शाळेसारखाच तो कायदाही सरहद्दीपलीकडेच राहिला.

माझे आजोबा उर्दूतून शिकले. म्हातारपणीसुद्धा हिशेब उर्दूतच मांडायचे, उजवीकडून डावीकडे, आणि आम्ही नातवंडं ती अक्षरं चित्रासारखी बघत बसायचो. मलालाची डायरी त्यांच्या हाती पडली असती तर त्यांनी ती मूळ लिपीत वाचली असती. आजीला मात्र कुठलीच लिपी येत नव्हती.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं आणि मराठी शाळांना मोकळीक मिळाली. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. ज्यांच्या घरात सात पिढ्यांत पाटी आली नव्हती, त्यांची मुलं तिथे वसतिगृहात राहून पदवीधर झाली. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावची शाळा झेडपीची झाली. माझी आई त्याच शाळेत गेली.

ती चौथीत असताना बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, जनावरं सोडून दिली, सगळं गाव दुष्काळी कामावर. आई खडी फोडायला बसली. घमेल्यावर पैसे, म्हणून जेवढे हात तेवढं बरं. दुपारी सुकडी मिळायची, तिचा वास तिला अजून आठवतो. शाळा सोड असं तिला कुणी सांगितलं नाही. पाऊस आला, दुष्काळ सरला, धाकटा भाऊ परत शाळेत गेला. ही नाही गेली. तिचा बापही वाईट नव्हता आणि मास्तरही नव्हते, नुसती विचारणाच झाली नाही. मलालाच्या आईचं, तोर पेकईंचं, मी वाचलं तेव्हा मला माझी आईच दिसली. वर्गात एकटी मुलगी म्हणून कंटाळून त्यांनी लहानपणी पुस्तकं विकली आणि त्या पैशाच्या चघळायच्या गोळ्या घेतल्या. वाचायला शिकल्या त्या पार बर्मिंगहॅमला गेल्यावर.

पुढचा सरकारी इतिहास थोडक्यात सांगते, कारण कागदावर तो चांगलाच आहे. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत झालं १९८५-८६ पासून. १९९२ पासून पहिली ते चौथीतल्या गरीब मागासवर्गीय मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसाला एक रुपया भत्ता आला. तो रुपया तीस वर्षांनंतरही रुपयाच होता! एसटीचा मोफत पास आला. मागास तालुक्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आल्या आणि लांबच्या मुलींना सायकली मिळाल्या. मुलींच्या शिक्षणात सगळ्यात उपयोगी काय ठरलं असं मला कुणी विचारलं, तर मी ती निळी बस म्हणेन. आमच्या फाट्यावर ती सकाळी थांबते तेव्हा चार वस्त्यांवरच्या पोरी धावत सुटतात, आणि चालक थोडा हॉर्न वाजवून थोडा दम धरतो. घरचे म्हणतात, 'बस आहे तोवर जाऊ दे.' या एका वाक्यावर कितीतरी जणींची दहावी झाली आहे.

आणि मग एप्रिल २०१०. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा आपला कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्याच महिन्यात पाकिस्ताननं अठराव्या घटनादुरुस्तीनं हाच हक्क आपल्या घटनेत घातला, वयोगट पाच ते सोळा. दोन्ही देश एकाच महिन्यात एकाच गोष्टीपाशी आले, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तारखा दोनदा तपासल्या. पण त्यांची रेघ सोळाला थांबते आणि आपली चौदाला. चौदा म्हणजे आठवी. आमच्याकडे मुलगी घरी बसवायची ती नेमकी तिथेच.

बालाघाटच्या या डोंगरपट्ट्यात दिवाळी सरली की ऊसतोडीला मजुरांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायची. मजुरी जोडीवर, म्हणजे नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात, उचलही अर्धी. म्हणून पोरगा हाताशी आला की त्याला बायको बघायची, आणि ती पंधरा-सोळाची असली तरी चालते. इथला बालविवाह नुसत्या रूढीतून होत नाही, त्यामागे उचलीचा हिशेब आहे. सरकारच्याच २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात सुमारे २२ टक्के होत्या. बीडमध्ये सुमारे ४४ टक्के आणि परभणीत ४८.

थोरल्या मुलीचं लग्न ठरलं नसेल तर तिला बरोबर नेतात. कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायला, पाणी भरायला, उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करायला. हंगामी वसतिगृहं आहेत, आजी-आजोबा धडधाकट असतील तर मुलं गावात राहतातही. पण वयात येणारी पोर मागे ठेवायला आई धजावत नाही, आणि तिची भीती खोटी म्हणून मी तिला वेड्यात काढू शकत नाही.

म्हणूनच २०१४ चं नोबेल मला फार जवळचं वाटतं. सतरा वर्षांच्या मलालाला ते एकटीला मिळालं नाही. बालमजुरीतून मुलं सोडवणाऱ्या कैलाश सत्यार्थींबरोबर मिळालं. शाळा आणि मजुरी ही एकाच मुलीची दोन टोकं आहेत, हे त्या निवडीत आलं होतं. ती पाश्चात्त्यांची लाडकी आहे, तिचं उगाच स्तोम माजवलंय, असं म्हणणारे आपल्या गावातही भेटतात. मला ते पटत नाही. गोळी लागण्याआधी तीन वर्षं ही मुलगी, चेहरा आणि नाव उघड झाल्यावरही, कॅमेऱ्यासमोर हेच बोलत होती. तेव्हा तिला नोबेल ठाऊक नव्हतं, धमक्या ठाऊक होत्या.

मागे एकदा ३ जानेवारीला मी मुलींना त्या हुकुमाची गोष्ट सांगितली. १५ जानेवारीनंतर शाळा बंद, असं रेडिओवर जाहीर झालं, वगैरे. मागच्या बाकावरच्या एकीनं विचारलं, "बाई, तिला तारीख सांगितली होती?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग बरंय की. आम्हाला कोण सांगतंय? दिवाळी झाली की निघायचं."

ती त्या वर्षी मागे राहिली होती, आजीजवळ. पुढच्या वर्षी आजी गेली. दिवाळीनंतरच्या सोमवारी ती वाचनालयाचं पुस्तक परत करायला आली, बाहेर टायरगाडी उभी होती. मी पुस्तक घेतलं नाही.

मलालाच्या डायरीतल्या नोंदी वार्ताहर फोनवरूनही उतरवून घेत असे. ते आठवून मी तिला म्हटलं, बापाच्या फोनवरून मला सांगत जा, मी लिहून घेईन. जानेवारीत एका रात्री फोन आला. हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर मी उतरवून घेतलं, ती सांगेल तसं: आज शनिवार. पहाटे तीनला उठलो. फडात लई थंडी होती. आईनं मोळ्या बांधल्या, मी वाढं येचलं. बाळ रडत होता म्हणून दुपारी कोपीवर आले. पुस्तकाची तीन पानं वाचली, मग लाईट गेली. आपल्या वर्गात आज किती जणी आल्या?

मी पट पाहिला आणि सांगितलं, एकोणतीसपैकी बारा.